सच्छिद्र दगडातले पाणी : विसापूरची एक चढण

तेरा वर्षांपूर्वी एका छोट्या नियतकालिकात मी गडांवरच्या पाण्याच्या टाक्यांविषयी एक लेख लिहिला होता. त्यातले एक वाक्य चुकीचे होते. टाकी खोदणारे जुने लोक अखंड, काळा, टणक कातळ शोधत आणि सच्छिद्र दगड टाळत, कारण भोके असलेल्या दगडात पाणी टिकणार कसे, असे मी त्यात ठामपणे लिहिले होते. लेखात चूक राहिली तर ती कागदावरच राहते, फारसे कोणाचे बिघडत नाही, असा माझा समज होता. पण दोन वर्षांनी माझ्या मेव्हण्यांच्या गावाने देवळामागच्या डोंगरावर गुरांसाठी आणि जत्रेसाठी टाके खोदायचे ठरवले. जागा दोन होत्या. गावातल्या विहिरींची कामे करणारे मिस्त्री म्हणाले, खालच्या पदरावरचा मांजऱ्या दगड घ्या. मी म्हणालो, वरचा काळा पाषाण घ्या. गावाने लेख छापून आलेल्या माणसाचे ऐकले. वर्गणीचे एक लाख नव्वद हजार रुपये गेले. सहा मीटर लांब, चार रुंद, तीन खोल असे टाके श्रावणात काठोकाठ भरले आणि पौषात त्याचा तळ दिसू लागला.

मी भूशास्त्राचा विद्यार्थी नाही. सहकारी संस्थेत हिशेब लिहिण्याची नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी डोंगर चढलो. जे वाचले ते जुन्या बाजारातल्या पुस्तकांतून आणि ग्रंथालयांतून. अशा माणसाला एक खोड लागते. वाचलेले आणि पाहिलेले यांत विसंगती दिसली, तर तो पाहिलेल्यालाच दोष देतो. ते टाके गळाले तेव्हाही मी दोन वर्षे सुरुंगाच्या कामाला बोल लावत होतो.

गेल्या फेब्रुवारीत मिस्त्रींना घेऊन विसापूर चढायचे ठरले, त्यामागची गोष्ट ही एवढी. आम्ही पाच जण होतो : मिस्त्री, मेव्हणे, पुण्यात स्थापत्य अभियांत्रिकी शिकणारी त्यांची मुलगी, माझे एक निवृत्त शिक्षक मित्र आणि मी. फेब्रुवारी मुद्दाम निवडला. पावसाळ्यात सगळीच टाकी भरलेली असतात. कोणते टाके पाणी धरते आणि कोणते सोडते हे कळायला पाऊस थांबून चार महिने व्हावे लागतात.

पुणे–लोणावळा लोकलने मळवलीला उतरलो. द्रुतगती महामार्गावरचा पूल ओलांडला की भाजे गाव आणि समोर डोंगराची भिंत दिसते. उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर, मध्ये गायमुख खिंड. लोहगडाचे नाव आता जगभर झाले आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे, विसापूर नाही. खरे तर विसापूर लोहगडाहून सुमारे पन्नास मीटर उंच आहे आणि पसरटही. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला, आणि तो हाती येताच लोहगडही पडला. वरच्या डोंगरावर तोफा चढल्यावर खालच्याने किती दिवस तग धरायचा? तरीही गर्दी लोहगडाकडेच वळते. आमच्या सोयीचे होते ते.

गावातून डोंगराकडे पाहत शिक्षक मित्र म्हणाले, ‘‘जिना आहे हा.’’ ही उपमा त्यांची एकट्याची नाही. दख्खनच्या या खडकाला जगभर ‘ट्रॅप’ म्हणतात, आणि त्या शब्दाचे मूळ पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकदाच नव्हे तर पुन्हापुन्हा वाहिला आणि एका थरावर दुसरा थर थिजत गेला. पुढे पावसाने आणि ओढ्यांनी तो ढीग कापला तेव्हा प्रत्येक थर आपापल्या स्वभावाने झिजला. काही थरांचे उभे कडे झाले, काहींचे उतार झाले, आणि उतारांच्या माथ्यावर सपाटीचे पट्टे राहिले. या पट्ट्यांना आपल्याकडे पदर म्हणतात. सह्याद्रीत कुठेही चढा, पदर आणि कडा, पुन्हा पदर आणि कडा हीच लय पायांना कळते. पोटऱ्या दुखतात त्या कड्यालगत, दम खायला बसतो ते पदरावर. गावे, शेते, जुनी मेटी, देवराया बहुतेक पदरांवरच सापडतात.

हा जिना असा का झिजला, या प्रश्नातच टाक्यांचे उत्तर आहे. ते मला इतकी वर्षे दिसले नव्हते.

भाज्याची लेणी विसापूरच्याच डोंगराच्या पोटात आहेत. बावीस लेणी, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासूनची, आणि त्यांत ते प्रसिद्ध चैत्यगृह. त्याच्या छताखाली सागवानी लाकडाच्या कमानी आजही आहेत. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, मी थांबत नाही. आम्ही थांबलो ते पाण्याच्या टाक्यापाशी. इथल्या एका टाक्यावर ब्राह्मी लिपीत लेख आहे : महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने ही पोढी दान दिली. पोढी म्हणजे टाके. हा प्राकृत शब्द सह्याद्रीतल्या लेण्यांत आणि घाटवाटांवर वारंवार भेटतो. नाणेघाटात सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेल्या पोढीचा लेख आहे. कान्हेरीला तर लेण्यागणिक टाकी आहेत आणि दानलेखांत त्यांचा उल्लेख येतो. कोणी गुहा द्यायचा, कोणी खांब, कोणी पोढी. मोठा मान असलेल्या महारठीला टाके दान देणे कमीपणाचे वाटले नाही, उलट ते नावानिशी कोरून ठेवावेसे वाटले. पाण्याची किंमत त्यातून कळते.

मी हे मिस्त्रींना वाचून दाखवले. त्यांनी विचारले, ‘‘दान कुणी दिलं त्ये लिवलंय. खणलं कुणी, त्ये लिवलंय का?’’

नाही लिहिलेले.

मग त्यांनी टाक्याच्या तोंडाशी वाकून आतल्या भिंतीवरून हात फिरवला आणि मला बोलावले. ‘‘साहेब, हात लावा.’’ भिंतीवर छिन्नीचे तिरके फटकारे होते. त्या फटकाऱ्यांमधून पांढरे ठिपके दिसत होते, काही मोहरीएवढे, काही हरभऱ्याएवढे. हाच तो मांजऱ्या. तेरा वर्षांपूर्वी मी ज्याला टाकाऊ म्हटले होते तो दगड.

इथे थोडे विस्ताराने सांगायला हवे. लाव्हा वाहताना त्यात वायू कोंडलेला असतो. तो वर यायला धडपडतो आणि थर थिजला की बुडबुड्यांच्या पोकळ्या मागे राहतात. बघणाऱ्याला वाटते, दगडाची चाळण झाली. पण चाळणीची भोके आरपार असतात. या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. दारे नसलेल्या खोल्यांसारखी प्रत्येक पोकळी स्वतंत्र असते. शिवाय कोट्यवधी वर्षांत खडकातून हळूहळू फिरलेल्या गरम पाण्याने त्या पोकळ्यांत खनिजे भरली. झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटीच्या जातीची खनिजे. पुणे परिसरातले झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत ठेवलेले आहेत. आपण पांढरे ठिपके म्हणतो ते हेच. म्हणजे खोल्यांना दारे नाहीत आणि खोल्याही बहुतेक भरलेल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या दगडात चिरा फार कमी पडतात, आणि पडल्या तरी लांबवर जात नाहीत.

काळ्या पाषाणाचे उलटे आहे. जाड थर सावकाश थंड झाला, थंड होताना आकसला, आणि आकसताना तडकला. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याचा गाळ भेगाळतो तसा. हाताच्या तुकड्यापुरता पाहिला तर काळा पाषाण अभेद्य आहे. हातोडी त्यावरून उडते. म्हणूनच मी फसलो. मी तुकडा पाहत होतो, मिस्त्री भिंत पाहत होते. भिंतीत उभ्याआडव्या चिरा असतात आणि पाणी दगडातून जात नाही, चिरांतून जाते. पुण्याच्या अभियंत्यांना धरणांचे पाये आणि बोगदे खोदताना हे कधीच उमगले होते, त्यावर पाठ्यपुस्तकेही आहेत. मी लेण्यांवरची पुस्तके वाचली आणि बोगद्यांवरची वाचली नाहीत. स्वतः शिकणाऱ्याचे असे होते. कपाट कोणते उघडायचे हे सांगायला कोणी नसते.

एक पुस्ती जोडतो, नाहीतर हा लेखही कोणाचे तरी टाके गळवील. मांजऱ्या पाणी धरतो तो ताजा, न कुजलेला असेल तेव्हा. उघड्यावर तो काळ्या पाषाणापेक्षा लवकर कुजतो, सालपटे सुटतात, खाली मुरूम होतो. मग तोच दगड पाणी आत घेतो आणि विहिरीला देतोही. दुष्काळी गावांतल्या कितीतरी विहिरी अशा कुजलेल्या मांजऱ्यावर चालतात. विहिरीला जे हवे ते टाक्याला नको असते.

लेण्यांतून खाली उतरून खिंडीच्या वाटेला लागलो. गायमुखाच्या अलीकडे डावीकडची वाट धरली. पुढे कातळात पायऱ्या खोदलेली घळ लागते. पावसाळ्यात या पायऱ्यांवरून ओहळ उतरतो आणि तरुण मंडळी त्यातून चढायला येतात. फेब्रुवारीत घळ कोरडी. कारवीच्या काटक्या, वाळके गवत, दगडांच्या सांदीत अडकलेल्या पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. आम्ही प्रत्येकी तीन लिटर पाणी वाहत होतो. मिस्त्रींकडे ओल्या फडक्यात गुंडाळलेली एकच लिटरची बाटली होती आणि ती त्यांनी दुपारपर्यंत उघडली नाही. सत्तरीच्या माणसाने असे करू नये असे मी त्यांना दोनदा सांगितले.

घळीच्या एका बाजूला कड्यात हातभर जाडीची तांबडी रेघ दिसली. भाचीने विचारले, ‘‘काका, ही माती मध्येच कुठून आली?’’ दोन लाव्हांच्या मधल्या काळात खालच्या थराचा माथा उघडा पडून कुजला, त्यावर राख-माती साचली, आणि वरून नवा तप्त थर येऊन ती भाजली गेली. विटेचा रंग आहे तो. ही तांबडी चिकण माती पाण्याला अडवते. वरच्या काळ्या पाषाणाच्या चिरांतून उतरलेले पाणी तिच्यावर येऊन थांबते, आडवे सरकते आणि कड्याच्या तोंडाशी पाझरते. सह्याद्रीतले पुष्कळसे झरे अशा जोडावर असतात. कड्याच्या मध्यावर एकटाच हिरवागार उंबर दिसला की त्याच्या मुळाशी ही रेघ शोधावी. दर वेळी सापडत नाही, पण सापडते तेव्हा मोठी गंमत वाटते.

तिथेच मिस्त्री म्हणाले ते मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नव्हते. कड्याकडे बोट करून ते म्हणाले, ‘‘ज्या चिरंनं पानी जातंय, त्याच चिरंनं दगुड सुटतोय. म्हनून तर कडा उभा ऱ्हातो.’’

मी खाली बसलो. काळा पाषाण चिरांवरून ठोकळ्यांनी सुटतो, त्यामुळे त्याचा उभा कडा होतो. मांजऱ्यात चिरा नाहीत, तो ठोकळ्यांनी सुटत नाही, पृष्ठभागावर कुजत उतार होतो आणि त्याचा पदर बनतो. म्हणजे गडाला जे दुर्गम करते ते पाणी सोडते, आणि पाणी धरणारा थर नेमका चढायला सोपा असतो. नुसता कडा असलेला डोंगर शत्रूला चढता येणार नाही, पण वरच्या शिबंदीला उन्हाळाही काढता येणार नाही. नुसता मांजऱ्या असलेल्या टेकाडावर पाणी राहील, पण तिथे कोणीही चालत येईल. गडासाठी कामाचा डोंगर तो, ज्याच्या कमरेला काळा पाषाण आहे आणि माथ्याशी मांजऱ्या. हा नियम मी सगळ्या गडांना लावत नाही. बांधीव तलाव आहेत, चुन्याने गिलावा केलेली टाकी आहेत, झऱ्यावर खोदलेली आहेत. एकदा ठाम वाक्य लिहून गावाचे नुकसान केले आहे, पुन्हा तेच करायचे नाही.

माथ्यावर पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते. विसापूरचा माथा लांबरुंद, गवताचा, मध्ये टेकाडे. तटबंदी बरीच शाबूत, दरवाजे मात्र इंग्रजांनी उडवलेले. दक्षिणेकडे पवनेचा जलाशय आणि त्यापलीकडे तुंग, तिकोना. आम्ही तिघांनी टाकी शोधायची आणि दोघांनी जेवणाची जागा, अशी विभागणी झाली. शिक्षक मित्रांनी जेवणाची जागा वीस मिनिटांत शोधली.

आम्ही पाहिलेल्या टाक्यांत काही गाळाने बुजलेली होती, काहींत हिरवट पाणी होते, काहींत इतके स्वच्छ की तळाचे दगड मोजावेत. भाचीने काठीला दोरी बांधून खोली मोजली आणि वहीत टिपली. पाणी असलेल्या प्रत्येक टाक्याची भिंत आम्ही पाण्याच्या वर चाचपली. पांढरे ठिपके हाताला लागत होते. एका ठिकाणी टाक्याच्या कोपऱ्यात बारीक चीर होती आणि त्या चिरेपासून हातभर आत दगडाची पातळ भिंत ठेवून पुढे वेगळे टाके खोदलेले. मिस्त्री बराच वेळ तिथे उभे होते. मग म्हणाले, ‘‘खणता खणता चीर घावली, म्हनून सोडून दिलं आन पुढं सरकला. शाना व्हता.’’ याला पुरावा नाही. पण टाकी एकमेकांना लागून, मधे पातळ भिंत ठेवून का खोदतात, या प्रश्नाची जी उत्तरे मी वाचली आहेत त्यांत हे उत्तर नव्हते.

जेवताना भाचीने हिशेब मांडला. समजा टाके चार मीटर लांब, तीन रुंद, तीन खोल. छत्तीस घनमीटर, म्हणजे छत्तीस हजार लिटर. पाऊस थांबल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत आठ महिने, दोनशे चाळीस दिवस. माणशी दिवसाला दहा लिटर धरले तर एका माणसाला चोवीसशे लिटर. एका टाक्यावर पंधरा माणसे. वाफेने उडणारे आणि गुरांना लागणारे वजा केले तर दहाच. मग शेदोनशे माणसांच्या शिबंदीला अशी किती टाकी लागतील, आणि प्रत्येक टाक्याचे छत्तीस घनमीटर दगड छिन्नीने काढायला किती हात लागले असतील? तो दगड वाया जात नव्हता, गडाच्या बांधकामाला उपयोगी पडे. तरीही आकडा ऐकून मेव्हणे गप्प झाले. त्यांच्या गावचे टाके या हिशेबाच्या दुप्पट मोठे होते आणि त्यात चार महिनेही पाणी राहिले नव्हते.

मी तेव्हाच बोललो. अकरा वर्षे जे टाळत होतो ते. ‘‘मिस्त्री, जागा तुम्ही बरोबर सांगितली होती. चूक माझी.’’

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. ‘‘मला ठावं व्हतं. पर तुमचं छापून आलेलं. आन सुरुंगबी मीच लावला ना. हुत्या त्या चिरा आनखी उघडल्या.’’

मेव्हणे म्हणाले, ‘‘दाजी, झालं ते झालं. आता काय करायचं ते बोला.’’

उतरताना तेच बोलत होतो. जुन्या टाक्याला आतून सिमेंटचा गिलावा करायचा तर चिरा इतक्या की तो दर दोन वर्षांनी फुटणार. प्लॅस्टिकचे अस्तर टाकले तर गुरांच्या खुरांनी फाटणार. शेवटी मिस्त्रींचेच म्हणणे धरले : खालच्या पदरावर लहान टाके, सुरुंग न लावता, पहार-छिन्नीने आणि अडेल तिथे यंत्राच्या ब्रेकरने. कुजलेला वरचा थर पूर्ण काढायचा, ताज्या दगडाला लागल्यावरच मोजमाप धरायचे. तोंड अरुंद, पोट रुंद, म्हणजे ऊन कमी. चीर लागली तर थांबायचे आणि बाजूला सरकायचे. खर्चातला एक वाटा मी उचलायचा. यावर मेव्हण्यांनी वाद घातला, मी ऐकला नाही. संध्याकाळच्या लोकलमध्ये मिस्त्रींना खिडकी मिळाली आणि ते देहूरोडपर्यंत झोपले. त्यांच्या बाटलीत अर्धे पाणी शिल्लक होते.

काम मार्चअखेर सुरू झाले आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात संपले. तीन मीटर लांब, अडीच रुंद, अडीच खोल. दोनदा बारीक चीर लागली, एकदा दीड हात सरकावे लागले, त्यामुळे टाके चौकोनी झालेले नाही, एका कोपऱ्यात तिरके आहे. भाचीने थर, खोली आणि चिरांची नोंद ठेवली असून ती वही आता माझ्या टेबलावर आहे. त्या जुन्या लेखातले वाक्य दुरुस्त करणारे पत्र मी नियतकालिकाला पाठवायला निघालो, तेव्हा ते नियतकालिक चार वर्षांपूर्वीच बंद पडल्याचे कळले. म्हणून ती दुरुस्ती इथे छापली जात आहे.

यंदा श्रावणात टाके भरले. त्यात काही विशेष नाही, जुनेही भरत असे. दसऱ्याला मेव्हण्यांनी आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेशी छिन्नीने खूण केली आणि तारीख घातली. पुढची खूण पौषात.